पाणी तापवायला आधी कोण उठतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा गिझर गेला. म्हणजे स्फोट वगैरे काही झाला नाही. आधी टाकीच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं, मग भिंतीला ओल आली आणि एके दिवशी नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या. इलेक्ट्रिशियन आला, त्याने झाकण उघडून आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, 'सर, आता काही होणार नाही. टाकी पाण्याने खाल्लीय.' आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी जड. त्याचा पांढरा खर कॉईलवर बसत बसत दगडासारखा झाला होता.

श्रोतेहो, भुसावळचं नाव काढलं की लोकांना उन्हाळा आठवतो. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं, की त्याने हात धुववत नाहीत. पण डिसेंबर-जानेवारीतली इथली पहाट बाहेरच्यांना माहीत नसते. सातपुड्याकडून वारा सुटला की अंगातली हाडं मोजून घ्यावीत. आणि आमच्या घरात एक व्यक्ती अशी आहे, की जिला ही पहाट चुकवता येत नाही. माझी अम्मी. वय एक्क्याऐंशी, गुडघे आणि बोटांचे सांधे आखडलेले. फजरच्या नमाजाआधी वजू करायची म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. थंड पाण्याने तिची बोटं अशी वळतात, की नंतर अर्धा तास तस्बीह धरता येत नाही.

तेव्हा प्रश्न साधा होता. आता घरात पाणी कशाने तापवायचं?

साध्या प्रश्नावर घरात जेवढे सदस्य तेवढी मतं निघाली. मुलगा पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, 'अब्बा, सरळ सोलर बसवा.' बायको म्हणाली, 'आहे तसाच नवा गिझर आणा, एका दिवसात काम होईल.' भाचा म्हणाला, 'मामू, गॅस गिझर घ्या. स्वस्त आहे, तोटी सोडली की कढत पाणी.' आणि मी म्हणालो, 'माळ्यावरचा बंब खाली काढू या.' त्यावर सगळे हसले. मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता लिहिणारा. माझ्या मताला घरात साहित्यिक मूल्य आहे, व्यावहारिक नाही.

पण बंबाचं मी मनापासून म्हटलं होतं. ज्यांनी बंब पाहिला नाही, अशा तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. तांब्याचं उभं, गोल, पोटाशी फुगीर भांडं. मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळी. खाली जाळी आणि राख पडायची जागा. नळीत गोवरीचे तुकडे, पऱ्हाटी, तुराटी, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते घालून पेटवायचं. नळीभोवती पाणी. वरून गार पाणी ओतायचं, खालच्या पितळी तोटीतून गरम पाणी बादलीत घ्यायचं. मग त्यात विसण घालायचं. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असं करायचं, यासाठी मराठीने एक अख्खा शब्द राखून ठेवला आहे. असा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत मला तरी भेटला नाही.

माझे अब्बा रेल्वेत फायरमन होते. भुसावळचं लोको शेड त्या काळी फार मोठं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, इंजिन कसं चालतं? त्यांनी मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि बंबासमोर उभं केलं. म्हणाले, 'याच्या पोटात एक नळी आहे. इंजिनाच्या पोटात अशा खूप नळ्या असतात. आत आग, बाहेर पाणी. याची वाफ आपण सोडून देतो, इंजिनाची वाफ कोंडून ठेवतो. बाकी हा आपला बंब म्हणजे चाकं नसलेलं इंजिन.' इतकं सोपं विज्ञान मला पुढे कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. 'बंब' हा शब्दही, जाणकार सांगतात, पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला. बोंबा म्हणजे पंप. आग विझवणारी गाडी तोही बंब आणि पोटात आग ठेवणारा तोही बंब, हा मराठीचा उदारपणा.

तर मी बंबाचा हट्ट धरला, पण घरच्यांना पटवायला मुद्दे हवेत म्हणून दुकानात जाण्याऐवजी पुस्तकांत शिरलो. माणसाने पाणी तापवण्यासाठी आजवर काय काय केलं, ते वाचत गेलो. आणि वाचता वाचता माझ्या हट्टाचं पाणी हळूहळू गार होत गेलं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

आधी शेजारी पाहिलं. आमच्याकडून रेल्वेने तासाभरावर बुऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात मोडतं, पण एके काळी ते आमच्या खानदेशची राजधानी होतं. फारुकी सुलतानांचं राज्य १६०१ मध्ये अकबराकडे गेलं आणि पुढे हे शहर मोगलांचं दख्खनचं दार झालं. तापीच्या काठावर तिथे शाही किल्ला आहे आणि किल्ल्यात हमाम आहे. छतावरची रंगीत नक्षी अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली याच शहरात वारली. गाइड लोक तिच्या नावाने हमाम दाखवतात आणि पर्यटक छताकडे बघत बघत पुढे सरकतात. मीही तसाच दोनदा सरकलो होतो.

या शहराला पाणी पुरवणारी व्यवस्थाही थक्क करणारी आहे. जहांगीरच्या काळात, अब्दुर रहीम खानखाना इथे कारभार पाहत असताना, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं गेलं. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. हा खानखाना म्हणजे दोह्यांचा कर्ता रहीम. बुऱ्हाणपुरात त्यानेही हमाम बांधवला. कवीने हमाम बांधावा, ही गोष्ट मला फार आवडली. एक कवी म्हणून माझी कॉलर थोडी ताठ झाली.

मग हमाम तापायचा कसा, ते वाचलं. एकामागून एक दालनं. पहिलं थंड, मग कोमट, मग गरम. भिंती जाड, खिडक्या नाहीत, वर उजेडापुरती भोकं. आणि आग? आग आत नसतेच. ती भिंतीच्या पलीकडे, मागच्या बाजूला असते. तिथे भट्टी, भट्टीवर पाण्याचं भांडं. गरम पाणी खापरी नळांतून आत येतं, गरम हवा फरशीखालून फिरते. आत बसलेल्याला ना धूर दिसतो ना जाळ. त्या भट्टीच्या जागेला फारसीत 'गुलखन' म्हणतात.

हा शब्द वाचला आणि मी थबकलो. कारण तो मला तीस वर्षांपासून माहीत होता. उर्दू-फारसी शायरीत गुलशन आणि गुलखन अशी जोडी येते. गुलशन म्हणजे बाग, गुलखन म्हणजे भट्टी. यमक छान जुळतं, अर्थ एकमेकांच्या उलट. मी स्वतःसुद्धा कधीतरी वापरला असेल. पण ही हमामाची भट्टी, आणि तिच्यासमोर राखेत बसलेला एक माणूस असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बादशहा सकाळी स्नानाला यायचा, म्हणजे त्या माणसाला मध्यरात्री उठून भट्टी पेटवावी लागत असणार. जाड भिंती तापायला वेळ लागतो. हमाम कोणी बांधवला, ते इतिहासात आहे. तो तापवायचा कोण, ते नाही.

तिथून पुढे मी जे जे वाचलं, त्यात मला हाच एक प्रश्न दिसायला लागला. पाणी गरम मिळावं म्हणून आधी कोण उठतं?

न उठता गरम पाणी मिळण्याची एक जागा आहे, ती म्हणजे निसर्गातले झरे. आमच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. कोकणात राजापूरचं उन्हाळे आहे, ठाण्याकडे वज्रेश्वरी आहे. जमिनीच्या पोटातून तापून वर येणारं पाणी. अशा ठिकाणी लोकांनी देव पाहिला यात नवल नाही. कोणीही फुंकणी न फुंकता पाणी ऊन झालंय, हा त्या काळच्या बाईमाणसाला चमत्कारच वाटला असणार.

आपण ज्याला गिझर म्हणतो, तो शब्दही अशाच एका झऱ्याचा. आइसलँडमध्ये 'गेसिर' नावाचा उष्ण पाण्याचा उसळता झरा आहे. त्याचं नाव सगळ्याच अशा झऱ्यांना मिळालं आणि पुढे न्हाणीघरातल्या यंत्रालाही. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या एका रंगाऱ्याने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गिझर'. तोवर इंग्रजांच्या घरातसुद्धा पाणी तळघरातल्या स्वयंपाकघरात तापायचं आणि मोलकरणी ते बादल्यांनी जिने चढून वर न्यायच्या. मॉनच्या यंत्राने त्या बादल्या वाचवल्या. पण त्यात एक दोष होता. जळालेला वायू बाहेर जायला धुराडं नव्हतं. तो न्हाणीघरातच राहायचा.

आता भाच्याच्या गॅस गिझरकडे येतो. माझ्या एका चुलतबहिणीची मुलगी, लग्नाला सहा महिने झालेली. नवा फ्लॅट, एवढंसं न्हाणीघर, आतच गॅस गिझर बसवलेला. थंडी म्हणून वरची खिडकी पुठ्ठा लावून बंद केलेली. एका सकाळी ती आंघोळीला गेली आणि बाहेर आलीच नाही. पाण्याचा आवाज येतोय, हाकेला ओ नाही. नवऱ्याने दार तोडलं. ती जमिनीवर पडली होती. नशिबाने वाचली. पण पुढचे काही महिने तिला साध्या साध्या गोष्टी आठवायच्या नाहीत. आजही ती न्हाणीघराची कडी आतून लावत नाही.

डॉक्टरांनी जे समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. गॅस जळायला प्राणवायू लागतो. कोंदट खोलीत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि शुद्ध जाते. म्हणून गॅस गिझर बसवायचाच, तर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळाने आत आणावं. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जो दोष होता, तो आपण आपल्या हाताने आपल्या न्हाणीघरात पुन्हा आणतो, केवळ नळाचे चार हात वाचावेत म्हणून. आमच्या घरात न्हाणीघराबाहेर तशी मोकळी जागा नव्हती. भाच्याचा प्रस्ताव तिथेच संपला.

राहिला विजेचा गिझर. एडविन रूड हा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत पिट्सबर्गला गेला आणि १८८९ साली त्याने आपोआप चालू-बंद होणारा, टाकीवाला गिझर केला. तो गॅसवर चालायचा. पण आज आपल्या भिंतीवर टांगलेली जी पांढरी टाकी असते, तिची आज्जी तीच. पाणी ठरावीक तापलं की यंत्र स्वतःच बंद होतं, लक्ष ठेवावं लागत नाही. आमच्याकडे विजेचा गिझर १९९२ साली आला. त्याआधी काही वर्षं बादलीत सोडायची कॉईल होती, तिने घरातल्या प्रत्येकाला एकेकदा झटका दिला होता.

आमच्या गावात विजेच्या गिझरची गंमत वेगळी आहे. गावापासून थोड्या अंतरावर दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे काय करतात? कोळसा जाळतात, पाणी तापवतात, वाफ करतात, त्या वाफेवर चक्र फिरवतात आणि वीज काढतात. ती वीज तारांवरून आमच्या घरी येते आणि पुन्हा पाणीच तापवते. या येरझाऱ्यात कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता वाटेतच जाते. पंचवीस लिटरचा गिझर थंडीत एकदा पूर्ण तापवायला एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते. एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा धरा. म्हणजे अब्बा ज्या फावड्याने इंजिनात कोळसा टाकायचे, त्यातला थोडा कोळसा रोज आमच्या नावावर पडत होता, फक्त डोळ्यांआड. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात, केंद्राच्या चिमण्या समोर दिसत असताना आम्ही पहाटे अंधारात गार पाण्याने तोंडं धुतली आहेत.

तरी विजेला मी नावं ठेवणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

मुलाच्या सोलरकडे मी आधी संशयाने पाहत होतो. मला वाटायचं, हे काहीतरी कालपरवाचं खूळ. वाचलं तर ते १८९१ सालचं निघालं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात क्लॅरेन्स केम्प नावाच्या गृहस्थाने पेटंट घेतलं. काळ्या रंगाच्या टाक्या, त्या पेटीत बसवलेल्या, वर काच. नाव 'क्लायमॅक्स'. हे यंत्र त्याने सुरुवातीला कोणाला विकायचं ठरवलं होतं, ते ऐका. उन्हाळ्यात ज्यांची बायको मोलकरणींना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जाते आणि जे घरी एकटे राहतात, अशा साहेबलोकांना! म्हणजे घरात आग पेटवणारी माणसं नसली, की मगच पुरुषाला सूर्याची आठवण झाली. हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि बायकोला वाचून दाखवलं. ती हसली नाही. 'बरोबरच आहे,' एवढंच म्हणाली.

केम्पच्या यंत्रात एक खोट होती. टाक्या उघड्यावर, त्यामुळे दिवसा तापलेलं पाणी रात्री गार व्हायचं. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापवणं आणि साठवणं वेगळं केलं. उन्हात नळ्यांची सपाट पेटी आणि तिच्याहून उंचावर, चांगली गुंडाळलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली येतं. पंप नको, कोणी ढकलायला नको. त्याने नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. आज आपल्या गच्च्यांवर जे दिसतं, ते मुळात हेच आहे. पुढे तिकडे गॅस स्वस्त झाला आणि लोक सूर्याला विसरले. इस्रायलने मात्र १९८० साली नव्या घरांना ही सोय सक्तीची केली.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपली भाषा हे कधीपासून सांगतेय. मराठीत सूर्यप्रकाशालाही ऊन म्हणतात आणि गरम वस्तूलाही ऊन म्हणतात. ऊन पाणी, ऊन ऊन भात. दोन्ही एकाच 'उष्ण'मधून आले. आमच्या भुसावळात मे महिन्यात टाकीतलं पाणी हेच तर ओरडून सांगत होतं.

एवढं सगळं झालं तरी माझ्या मनातून बंब जाईना. त्याला एक कारण होतं. २०११ मध्ये अब्बा गेले. मय्यतीला गुस्ल देण्यासाठी पाणी कोमट लागतं, त्यात बोरीची पानं घालतात. घरात गिझर होता, पण नातेवाईक जमलेले, तेवढं पाणी पुरणार नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, 'बंब काढा.' दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यांच्या घरी वर्षानुवर्षं आमचाच बंब जायचा, त्यामुळे तो कुठे आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. अंगणात बंब ठेवला. पेटवायला मी बसलो. आणि मला तो पेटवता येईना. काड्या ओल्या की माझे हात, कोण जाणे. नुसता धूर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं हे मलाही कळत नव्हतं. शेवटी काकांनी मला बाजूला केलं आणि दोन मिनिटांत जाळ काढला. ज्या माणसाने आयुष्यभर आगीसमोर उभं राहून काम केलं, त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्याच्या मुलाला तापवता आलं नाही. त्या दिवसापासून बंब माझ्यासाठी फक्त भांडं राहिला नाही.

पण इतकी वर्षं ज्या बंबाच्या पाण्याने मी आंघोळ केली, तो मला पेटवता का आला नाही, हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारला नव्हता. तो यंदा विचारला. आणि मग, सगळ्यांची मतं घेऊन झाल्यावर, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिच्याकडे गेलो.

अम्मी अंगणात उन्हाला बसली होती. मी म्हणालो, 'अम्मी, गरम पाण्याचं काय करू या? बंब खाली काढू का? तांब्याचा आहे, चांगला आहे, अब्बांची आठवण आहे.'

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, 'बेटा, तुला बंब आठवतो. मला धूर आठवतो.'

मग ती बोलत राहिली. इतकं सलग ती बऱ्याच वर्षांत बोलली नव्हती. अब्बांची ड्यूटी कधीही लागायची. रात्री दोन वाजता रेल्वेचा कॉलबॉय दारात यायचा, वहीवर सही घ्यायचा. अब्बांना आंघोळ केल्याशिवाय ड्यूटीवर जायचं नसायचं. इंजिनावर चढल्यावर अर्ध्या तासात माणूस काळा होणार, पण घरातून स्वच्छ निघायचं. म्हणजे कॉलबॉय आला की अम्मी उठायची, काळोखात पऱ्हाटी शोधायची, बंब पेटवायची. पावसाळ्यात जळण ओलं. कडेवर कधी मी, कधी माझी बहीण. अब्बा गेले की पुन्हा आडवं व्हायला फुरसत नसायची, कारण मग आमच्या शाळेच्या आंघोळी. आधी दादी, मग आम्ही मुलं, मग चाचा.

मी विचारलं, 'आणि तू?'

'सगळ्यांची झाल्यावर. तोवर जाळ विझलेला असायचा. उरलेलं पाणी कोमट. थंडीत तेही नाही.' ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बाजारात भाव काय होता, तसं सांगत होती. 'बिजलीचा गिझर आला तेव्हा मी चाळिशी कधीच ओलांडली होती. लग्न करून या घरात आल्यावर पहिल्यांदा कढत पाण्याने डोकं धुतलं.'

श्रोतेहो, खानखानाच्या हमामामागच्या त्या माणसाचं नाव मी पुस्तकात शोधत होतो. आमच्या घरातलं गुलखन मला एक्क्याऐंशी वर्षांची होईपर्यंत दिसलं नव्हतं.

मी म्हणालो, 'तर मग तुला काय हवं ते सांग.' तिने बोटं मोजत सांगितलं. एक, कोणाला काही पेटवायला लागू नये. दोन, ओल्या हाताने बटण दाबायला लागू नये. तीन, तोटी बसल्या बसल्या हाताला यावी. आणि चौथी गोष्ट, जी माझ्या, मुलाच्या, भाच्याच्या, कोणाच्याच यादीत नव्हती. 'मागच्या मोरीत एक तोटी काढ. भांड्यांना येणारी बाई सकाळी सातला गार पाण्यात हात घालते. तिच्या बोटांना भेगा पडल्यात, पाहिल्यास?'

मी पाहिल्या नव्हत्या.

निर्णय मग तिच्या चार अटींवर झाला. उष्णता हवेतून ओढून पाणी तापवणारा हीट पंपही बाजारात आहे. तो एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची उष्णता देतो, पण आमच्या खिशाला तो जड होता. सोलरच ठरलं. मागच्या मोरीचं पाणी धरून शंभर लिटरऐवजी दोनशे लिटरचं घेतलं. आमचं पाणी जड म्हणून तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पेटीऐवजी काचेच्या जाड नळ्यांचं घेतलं, त्या उतरवून साफ करता येतात. तोंड दक्षिणेला, शेजारच्या कडुनिंबाची सावली पडणार नाही अशी जागा पाहून. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉईल आहे, तिचं बटण न्हाणीघराबाहेर. तोटी जमिनीपासून दोन हातांवर, अम्मीच्या स्टुलाशेजारी. प्लंबर म्हणाला, 'इतकी खाली?' मी म्हणालो, 'इतकीच.'

दोष सांगितले नाहीत तर ती जाहिरात होईल. सोलरच्या पाण्याला धीर लागतो. नळात रात्रभर साचलेलं गार पाणी आधी बाहेर येतं, अर्धी-पाऊण बादली. ते आम्ही झाडांना घालतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसलं की कॉईल लावावीच लागते, म्हणजे दीपनगरशी नातं पुरतं तुटलेलं नाही. पैसेही सुरुवातीला जास्त लागतात. पण पहाटे जे पाणी येतं ते काल दुपारी तापून ठेवलेलं असतं, त्यासाठी कोणाला उठायला लागत नाही.

बंब भंगारात घालायचा नाही, हे अम्मीनेच सांगितलं. दिवाळीला शेजारी लागतो, मोहल्ल्यात कोणाकडे काही झालं तर लागतो. फक्त एक अट घातली. 'त्याला चकाकी हवी असेल तर तू घास. दुसऱ्या कोणाला सांगू नकोस.' परवा चिंच आणि राख घेऊन बसलो होतो. पाऊण तास लागला, दंड भरून आले, आणि तरी बुडाशी काळं राहिलंच.

सोलर बसल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. फजरच्या अजानच्या आधीच न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन पाहिलं. दार बंद होतं, वरच्या झरोक्यातून वाफ येत होती. बायको, मी, पुण्याहून आलेला मुलगा, आम्ही सगळे आपापल्या पांघरुणात होतो. त्या दिवशी घरात सगळ्यांत आधी अम्मीची आंघोळ झाली.